साहेब, आधी दोरा सोडा

"चालवून दाखव."

साहेब असं म्हणाले तेव्हा मला वाटलं, ते दुसऱ्या कुणाला तरी सांगतायत. मी मागं वळून पाहिलं. मागं रांग होती आणि रांगेतली सगळी माणसं माझ्याकडंच बघत होती.

घरांच्या ऑफिसचा व्हरांडा. गिरणीच्या आणि विडीच्या कामगारांसाठी सोलापूरच्या बाहेर चार मजली चाळी बांधल्या होत्या, त्यांचे अर्ज तिथं घेत. उकाड्यामुळं साहेबांचं टेबल बाहेर मांडलेलं. टेबलावर फायलींचा ढीग, पाण्याचा तांब्या, त्यावर उपडं फुलपात्र. मी पोरीला कडेवर घेऊन उभी. पोर नऊ वर्षांची. नऊ वर्षांचं पोर कडेवर घेतलं की त्याचे पाय आपल्या गुडघ्याखाली लोंबतात.

"ऐकू येत नाही का? खाली ठेव तिला. चालवून दाखव."

मी खाली ठेवली. हौसा तिचं नाव. लग्नानंतर सहा वर्षांनी झाली म्हणून हौसेनं ठेवलेलं. जन्मापासून दोन्ही पाय आत वळलेले, कमरेत जोर नाही, बोलणं जड. शब्द तोंडातल्या तोंडात घोटाळतो. पण समजतं सगळं. तुमच्या-माझ्यापेक्षा जरा जास्तच.

तिनं माझं बोट सोडलं. व्हरांड्याचा खांब धरला. मग खांबही सोडला. हात पसरून, ओठ दाताखाली धरून तिनं एक पाऊल टाकलं. दुसरं. तिसरं. चौथ्याला ती साहेबांच्या टेबलाला जाऊन टेकली. घामानं डबडबलेली.

साहेब म्हणाले, "चालतेय की ही."

रांगेत कुणीतरी हसलं. साहेबांनी लाल पेन्सिलीनं वहीत एक रेघ ओढली. "तळमजला अपंगांसाठी ठेवलाय. उद्या सगळेच लंगडत याल. चला, पुढं कोण?"

हौसा टेबल धरून माझ्याकडं बघत होती. हसत होती. घरी ती तिसऱ्या पावलाला पडायची, आज चार टाकली होती. तिला शाबासकी पाहिजे होती.

मला काही वाटलं नाही. खरंच सांगते. राग नाही, रडू नाही. दिवसभर विड्या वळल्या की संध्याकाळी बोटांची टोकं मरतात, सुई टोचली तरी कळत नाही, तशी मी सगळीच झाले होते. मी तिला उचललं. "लई चांगली चाललीस," म्हणाले. आणि शुक्रवार पेठेतून चालत घरी आले.

चूक माझी होती. ती चार पावलं मीच तिला शिकवली होती.

मी विडी कारखान्यात बारा वर्षांची असल्यापासून. सूप मांडीवर घ्यायचं, पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे, टोक आत दाबायचं. संध्याकाळी चेकरपुढं उभं राहायचं. चेकर मूठभर विड्या उचलायचा आणि नापसंत असतील त्या छाट म्हणून बाजूला टाकायचा. छाट गेलेली विडी परत मिळत नसे, वळणारीची मेहनत गेली ती गेलीच. म्हणून आम्ही सगळ्याजणी एकच करायचो. सरळ, घट्ट विड्या वर लावायच्या. वाकड्या, सैल, पान फाटलेल्या खाली दडवायच्या. माझ्या आईनं मला वळायला शिकवलं त्याच आठवड्यात हेही शिकवलं.

आणि हे काय विडीपुरतंच होतं का? मुलगी बघायला पाहुणे आले, तरी हेच. शाळेत नाव घालायचं, तरी हेच. आमच्या वस्तीच्या माणसांना तर जास्तच. आमचं आडनाव ऐकलं की समोरचा माणूस आधीच अंग चोरतो, मग निदान कपडा तरी स्वच्छ पाहिजे, केसाला तेल पाहिजे. वाकडं दाखवायचं नाही. वाकडं दिसलं की छाट.

त्यामुळं "साहेब पोरीला बघणार आहेत" असा निरोप आला, तेव्हा मी तीन आठवडे तिला तयार केलं. शेजारच्या खातूनबीनं तिच्या शबानाचा ईदचा फ्रॉक दिला.

"घेऊन जा की. शबानाला आखूड झालाय," खातूनबी म्हणाली. "सायबापुडं पोर साजरी दिसू दे."

दोन वेण्या घातल्या. लाल रिबिनी बांधल्या. भिंतीपासून चुलीपर्यंत पावलं टाकायला शिकवली. पोरगी पडायची, उठायची, परत टाकायची. घर मिळणार होतं ते तिच्या वाकड्या पायांसाठी, आणि मी ते पायच दडवत होते. इतकं साधं मला कळलं नाही. अंगात मुरलेलं होतं.

तळमजला कशाला पाहिजे होता, तेही सांगते. आम्ही नाल्याकडेच्या वस्तीत एका खोपटात राहायचो. संडास वस्तीच्या दुसऱ्या टोकाला. नवरा गिरणीत बदली कामगार, बोलावणं येईल तेव्हा जायचा. मी सकाळी कारखान्यात जायचे ती दिवस कलल्यावर यायचे. मी गेल्यावर हौसाला तिथवर कोण नेणार? घमेलं ठेवून बघितलं. एकटीला जमेना. कपडे भरले की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग तिचा तिनंच मार्ग काढला. पाणी प्यायचं सोडलं. सकाळी माझ्यादेखत एक घोट, मग मी येईपर्यंत काही नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात. पत्र्याखाली. मी यायचे तेव्हा तिचे ओठ फुटलेले असायचे. मी तिला संडासला नेऊन आणायचे, मग ती तांब्या तोंडाला लावायची. हे मला कितीतरी दिवसांनी कळलं. आईला कळायला इतके दिवस लागावेत, यावरून मी कशी जगत होते ते समजून घ्या.

नव्या चाळीत तळमजल्याच्या खोल्यांना मागच्या दारापाशीच संडास होता. हौसा भिंत धरून तिथवर पोचली असती, एकटी. मला घर नको होतं, ते दार पाहिजे होतं.

अर्ज मोहल्ल्यातल्या एका मास्तरांनी लिहून दिला. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. मोठ्या दवाखान्यात तीन खेपा घातल्यावर डॉक्टरांनी हौसाला तपासून दाखला दिला. अर्ज, रेशनकार्डाची नक्कल, दाखला, सगळं एकावर एक ठेवलं, घडी घातली आणि वरून विडीचा दोरा गुंडाळला. दोन वेढे, टोक आत. मी डावखुरी. माझा वेढा उलटा पडतो. त्यासाठी लहानपणी आईच्या चापट्या खाल्ल्या, पण हात काही वळला नाही. चेकरला लांबून कळायचं. "ही डावरीची विडी," म्हणायचा.

ते पुडकं घेऊन मी पहिल्यांदा त्या व्हरांड्यात गेले तेव्हा साहेबांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मी हात पुढं केला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला. "टेबलावर ठेव," म्हणाले. मी ठेवलं. पट्टेवाल्यानं ते उचलून ढिगात टाकलं. नंतर निरोप आला तो पोरीला घेऊन या, असा. त्यानंतरचं सांगितलंच, चार पावलं आणि लाल रेघ.

महिन्यानं मी एकटीच परत गेले. म्हणाले, "सायेब, पोरगी चालत न्हाय. त्या दिशी चुकून चार पावलं टाकली."

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मला खोटं ठरवतेस?"

"दाखला हाय की त्यात, डाक्टरचा."

"दाखले पैशाला पासरी मिळतात. आण तिला परत. मी बघतो."

बाहेर पायरीवर पट्टेवाल्यानं मला थांबवलं. साठीला टेकलेला माणूस, त्याला सगळे मामा म्हणत. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमी लई भोळ्या हायसा. लंगड्या पोरीला नवा फ्रॉक घालून कुनी आनतं व्हय? फाटकं घाला. केस पिंजारा. पायरीपासनं सरपटत आना. सायबाला दया आली की सही करत्यात. तुमच्या भल्याचं सांगतोय."

तो भल्याचंच सांगत होता. त्या व्हरांड्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, तिथं काय चालतं ते त्याला ठाऊक होतं.

आणि मी तेही केलं. हे सांगायला लाज वाटते. पण सगळं सांगायचं ठरवलंय, तर हे गाळून कसं चालेल?

आणखी महिन्यानं तिला घेऊन निघाले. सकाळी वेणी घातली नाही. तेल लावलं नाही. जुना, खांद्यावर फाटलेला परकर-पोलका घातला. हौसा माझ्या हाताकडं बघत होती. रिबीन शोधत होती.

मी म्हणाले, "आज चालायचं न्हाय. सायेब सांगतील तवा सरपटायचं."

"का?" तिचा 'का' 'ता' असा यायचा.

"घर मिळंल."

तिनं रिबीन शोधायचं सोडलं. मग म्हणाली, "मग पानी पिऊ?"

"लागंल तेवडं."

ऑफिसात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. त्या दिवशी साहेबांकडं पाहुण्या आलेल्या, दोन बायका. ओळखीतल्या असाव्यात, चहा घेत होत्या. टेबलाशेजारी तीन खुर्च्या, दोन भरलेल्या, एक रिकामी. रांग होतीच. मी पुढं गेले तसे साहेब ओळखून हसले.

"आली का? आज काय नवीन आणलंय?" मग बायकांकडं वळून म्हणाले, "मागच्या वेळी ही मुलगी चालत आली होती. नव्या फ्रॉकमध्ये. आज बघा अवतार."

एकीनं कपबशी खाली ठेवली. "बिचारी," ती म्हणाली. "सांभाळायची ऐपत नाही तर कशाला होऊ देतात गं ही माणसं मुलं?"

साहेब म्हणाले, "हं. कर सुरू. बघू."

मी हौसाला पायरीजवळ खाली ठेवलं. माझ्या हातांनी. शहाबादी फरशी तापलेली होती. तिनं तळवे टेकवले, चटका बसला तसे उचलले, परत टेकवले. आणि निघाली. हातानं अंग ओढत, पाय मागं फरफटत. घरी ती यापेक्षा चांगली सरपटते, मला माहीत आहे. इथं ती मुद्दाम मान टाकत होती, थांबत होती, धापा टाकत होती. मी न सांगता. तिला कळलं होतं इथं काय पाहिजे ते.

टेबलापाशी पोचून तिनं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. तेच हसू. फ्रॉकच्या दिवशीचं. नीट झालं का, आई?

तेव्हाही मला काही वाटलं नाही. मला तिच्याकडं बघवेना, एवढंच. म्हणून नजर काढून टेबलावर नेली. फायलींच्या ढिगात तिसरं की चौथं एक पुडकं होतं. त्याला विडीचा दोरा. दोन वेढे. उलटे.

माझ्या हाताचा वेढा. टोक मी जसं दाबलं होतं तसं, तिथंच. सोडून परत बांधलं असतं तर वेढा सरळ पडला असता, साऱ्या जगाचा पडतो तसा. निदान गाठ तरी दिसली असती. गाठ नव्हती. तीन महिने झाले होते आणि त्या पुडक्याला कुणी हात लावला नव्हता. दाखला आत होता. डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं आत होतं. माझी पोरगी चालली तेव्हाही आत होतं, सरपटली तेव्हाही आत होतं.

मी म्हणाले, "सायेब, त्यो दोरा सोडा."

"काय?"

"त्या कागदांचा दोरा. माझाच वेढा हाय त्यो. कुनी सोडलाच न्हाय. आदी दोरा सोडा आन वाचा."

"मला शिकवतेस?"

मी खाली वाकले. हौसाचे तळवे लाल झाले होते. तिला उचललं आणि तिसऱ्या खुर्चीत बसवलं. शेजारच्या बाईनं पदर आवरून घेतला.

साहेब म्हणाले, "ती खुर्ची पाहुण्यांची आहे."

"आमी बी भायेरनंच आलोय," मी म्हणाले.

"मामा, बाहेर काढा हिला."

मामा दोन पावलं पुढं आला आणि थांबला. का थांबला, मी त्याला नंतरही विचारलं नाही. तेवढ्यात मी ढिगातून पुडकं ओढलं. वरच्या दोन फायली खाली पडल्या, पडू दिल्या. दोरा सोडला. मला वाचता येत नव्हतं. कोणता कागद कुठला, तेही नीट ओळखू येईना. ज्यावर शिक्का होता तो काढला आणि रांगेतल्या पहिल्या माणसापुढं धरला. गिरणी कामगार होता, कानाला कापूस चिकटलेला.

"दादा, वाचता येतंय न्हवं? मोट्यानं वाचा."

त्यानं साहेबांकडं बघितलं. मग हौसाकडं. मग वाचलं. अडखळत, एकेक शब्द सुटा करत. सदर मुलगी जन्मापासून दोन्ही पायांनी अधू आहे. आधाराशिवाय चालू शकत नाही. जिना चढणे अशक्य. तळमजल्यावर राहण्याची शिफारस करण्यात येत आहे.

या वेळी रांगेत कुणी हसलं नाही.

मी म्हणाले, "ऐकलंसा? पोरगी आता चालून दावनार न्हाय. सरपटून बी न्हाय. तुमास्नी बगायचंच आसंल तर कागद बगा."

"अशानं घर मिळत नसतं, बाई."

"म्हाईत हाय."

मला ते खरंच माहीत होतं. तोंड उघडतानाच माहीत होतं.

तेवढ्यात हौसा म्हणाली, "पानी." सकाळपासून तिनं घोटभरच घेतलं होतं. साहेबांचा तांब्या समोर होता. मी फुलपात्र सुलटं केलं, भरलं आणि तिच्या तोंडाला लावलं. तिनं सगळं संपवलं. मी परत भरलं. तेही संपवलं. व्हरांडाभर तिच्या गिळण्याचा आवाज येत होता. मी फुलपात्र तांब्यावर होतं तसं उपडं ठेवलं. आमच्यामागं त्यांनी ते घासून घेतलं की फेकून दिलं, मला माहीत नाही. कागद गोळा केले, परत घडी घातली, दोन वेढे दिले आणि पुडकं त्यांच्यापुढं ठेवून निघाले.

शुक्रवार पेठेत येईपर्यंत तिला लागली. धरवेना. माझ्या कडेवरच झाली, पातळ भिजलं, पाय भिजले. ती माझ्या मानेत तोंड खुपसून रडायला लागली. मी म्हणाले, "होऊ दे." दुकानांतली माणसं बघत होती. बघू दिली.

तेव्हा, त्या भिजल्या पातळात चालताना, मला पहिल्यांदा राग आला. साहेबांचा आला, त्या बाईचा आला. पण त्याच्याआधी माझा आला. पोरीला दोनदा त्या फरशीवर मी ठेवलं होतं. एकदा चांगल्या विडीसारखी, एकदा छाट विडीसारखी. चेकर मी माझ्या डोक्यातच बसवून घेतला होता.

पावसाळ्यात यादी लागली. आमचं नाव होतं, पण अपंगांच्या यादीत नाही. तिसरा मजला.

नवरा म्हणाला, "घेऊन टाकू. पक्कं घर हाय. मी नेत जाईन तिला वर-खाली."

"किती दिस?" मी विचारलं.

मी चावी घ्यायला गेले नाही. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही, वस्तीतल्या बायका मला वेड्यात काढत होत्या. घरी चालून आलेली लक्ष्मी लाथाडली म्हणाल्या. पण तिसऱ्या मजल्यावर नेलेली हौसा परत खाली कधी उतरली असती? पक्क्या भिंतीत तहानलेली राहिली असती, एवढाच फरक.

हे सगळं घडून आता तीन वर्षं होतील. शबानाच्या पहिलीच्या पुस्तकावर मी आणि हौसा दोघी अक्षरं शिकलो. ती माझ्याआधी शिकली. मी चुकले की हसते. आता अर्ज मास्तर लिहीत नाहीत, मी लिहिते. डाव्या हातानं. अक्षर वेडंवाकडं येतं. येऊ दे, मी ते कशाखाली दडवत नाही.

साहेब बदलले. नवीन आलेत ते जरा मऊ बोलतात. परवा म्हणाले, "ताई, मुलीला एकदा घेऊन या ना. नुसतं बघतो."

मी म्हणाले, "मुलगी दाखवायची न्हाय. आदी दोरा सोडा."

त्यांनी सोडला नाही. मी व्हरांड्यात फरशीवर खाली बसले. ऑफिस बंद होईपर्यंत बसले. कारखान्यात खाडा पडला. उद्या परत जाणार आहे, परवाही जाईन. जाईन ती एकटी जाईन.

हौसा आता दिवसा पाणी पिते. मी तिला तशी शपथच घातलीय. कपडे भरतात, दुपारी खातूनबी बदलते, संध्याकाळी मी धुते. पोरगी बारा वर्षांची झालीय, तिला लाज वाटते, ती तोंड फिरवून घेते. मी पिळून दोरीवर टाकते, वस्तीच्या सगळ्या लोकांसमोर. ते दार मिळेपर्यंत टाकत राहीन. पण माझी पोरगी पुन्हा कुणापुढं चालून दाखवणार नाही, आणि कुणासाठी तहानलेली राहणार नाही.